टाळी कुणाला? 'जिप्सी'मधली रोझ आणि सात जणी

१४ जून २०२५, शनिवार

गणपतीच्या आधीचा मंडळाचा कार्यक्रम यंदा माझ्या गळ्यात पडला. 'नाट्यसंगीताची सोनेरी पानं' छापाचं आम्ही इतक्या वेळा केलंय की निवेदन आता श्रोत्यांनाच पाठ आहे. ताई म्हणाल्या, "अगं, काहीतरी लांबचं आण. कान जरा धुऊन निघू देत." मग ठरलं ते असं: एकच भूमिका, तिचं एकच गाणं, आणि ते वेगवेगळ्या नटींनी कसं केलं ते ओळीनं ऐकवायचं, जमेल तिथं दाखवायचं. एक बंदिश चार गवयांकडून ऐकणाऱ्या मंडळींना यात अवघड काहीच नाही.

गाणं माझ्या डोक्यात पक्कं होतं. 'जिप्सी' या अमेरिकन म्युझिकलमधलं शेवटचं, रोझ या आईच्या तोंडचं 'रोझेस टर्न'. गेल्या रविवारी टोनी या अमेरिकन नाट्यपुरस्कारांच्या सोहळ्यात (आपल्याकडे सोमवारची सकाळ) ऑड्रा मॅक्डॉनल्डनं तेच सादर केलं. पुरस्कार निकोल शेर्झिंगरला गेला, पण ऑड्राचं गाणं संपलं तेव्हा सगळं सभागृह उभं होतं.

यादी: एथेल मर्मन, अँजेला लान्सबरी, टाइन डेली, बर्नाडेट पीटर्स, पॅटी लुपोन, इमेल्डा स्टाँटन, ऑड्रा मॅक्डॉनल्ड. १९६२च्या सिनेमातली रोझलिंड रसेल गाळली. तिच्या तोंडी बहुतेक गाणी लिसा कर्कच्या आवाजात आहेत, आणि हा विषय उसन्या आवाजाचा नाही.

१७ जून

निवेदनासाठी गोष्ट लिहून काढली. पाच वाक्यांत बसवायची म्हणत होते, बसत नाही.

१९२०च्या आसपासची अमेरिका. रोझ, तिच्या दोन मुली. धाकटी जून गोड, चुणचुणीत, टाळ्या घेणारी. थोरली लुईज मागच्या रांगेत. वॉडव्हिल म्हणजे गाणी, नाच, नकला, कसरती असे गावोगाव फिरणारे खेळ. त्यात जूनचं नाव दिव्यांत झळकवायचं, हे रोझचं एकमेव वेड. पोरींची वयं चोरायची, मॅनेजरांशी भांडायचं, हॉटेलांची बिलं बुडवायची. हर्बी नावाचा भला एजंट तिच्याशी लग्न होईल म्हणून वर्षानुवर्षं थांबलेला. एक दिवस जून पळून जाऊन लग्न करते. रोझ खचत नाही. त्याच मिनिटाला थोरलीकडे वळते. तोवर वॉडव्हिल मरत आलंय. शेवटी या दोघी येऊन पडतात बर्लेस्कच्या थिएटरात, जिथं बायका कपडे उतरवून पैसे मिळवतात. लुईज तिथं 'जिप्सी रोझ ली' होते, देशभर गाजते, आणि आईला सांगते की आता मला सोड. हर्बी त्याआधीच निघून गेलेला. मग मोकळ्या रंगमंचावर रोझ एकटी, आणि हे गाणं: मी हे सगळं कुणासाठी केलं?

माणसं खरी होती. जिप्सी रोझ लीच्या आठवणींचं पुस्तक १९५७ला आलं. खरी आई, रोझ होविक, १९५४लाच वारली होती. धाकट्या जून हॅवॉकला आपलं चित्रण मान्य नव्हतं, तिनं संमती द्यायला बराच काळ लावला. मंडळात हे सांगितलं की लगेच "मग खरं काय घडलं हो?" सुरू होणार. त्यात शिरायचं नाही.

संहिता आर्थर लॉरेंट्स, संगीत ज्यूल स्टाइन, गीतं स्टीफन साँडहाइम, दिग्दर्शन आणि नृत्यं जेरोम रॉबिन्स. पहिला प्रयोग न्यूयॉर्कमध्ये २१ मे १९५९. एकूण ७०२ प्रयोग.

२१ जून

पालख्या शहरात, त्यामुळे ताईंकडे जाणं रद्द. फोनवरच बोललो.

त्यांना गाण्याच्या जन्माची गोष्ट सांगितली. शेवटाला रॉबिन्सला एक मोठं बॅले हवं होतं: रोझच्या आयुष्यातली सगळी माणसं तिच्यासमोर येतात वगैरे. वेळच उरला नाही. मग एका रात्री तालमीच्या जागी साँडहाइम पियानोवर बसला आणि आधीच्या गाण्यांचे तुकडे वाजवत गेला. समोर रॉबिन्स स्वतः रोझ होऊन बर्लेस्कमधल्या बायकांसारखा चालत राहिला. त्यातून हे उभं राहिलं. म्हणजे याला स्वतःची अशी चाल जवळजवळ नाहीच. मुखडा नाही, अंतरा नाही. अडीच तासांत आपण ऐकलेलीच गाणी फुटून, अर्धवट, भलत्या लयीत परत येतात. मध्येच रोझ 'मम्मा' या शब्दावर अडकते, पुढे जाता येत नाही, पुन्हा तोच शब्द.

हा अडकण्याचा भाग साँडहाइमनं एथेल मर्मनला समजावून सांगितला: इथं हिच्या मनात काय फुटतंय, शब्द तोंडातून का निघत नाही, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ते 'म्म' मात्रेवर येतं की मात्रेच्या आधी?

मी ही गोष्ट मर्मनच्या मठ्ठपणाचा किस्सा म्हणून सांगायला गेले. तसाच तो सांगतात. ताई फोनवर गप्प, मग म्हणाल्या, "बरोबरच विचारलं की तिनं. जागा कुठे धरायची ते कळल्याशिवाय भाव कुठे ठेवणार?" हे निवेदनात घ्यायचं, ताईंच्या नावानं.

२४ जून

साहित्याची अवस्था. मर्मन: मूळ संचाची रेकॉर्ड. लान्सबरी: १९७३च्या लंडन संचाची रेकॉर्ड. डेली, पीटर्स, लुपोन, ऑड्रा: सीडी किंवा डिजिटल. स्टाँटन: पूर्ण प्रयोगाचं चित्रीकरण, डिस्क विकत मिळाली. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या ग्रंथालयात १९७०पासून नाट्यप्रयोग चित्रित करून जपून ठेवतात, पण ते तिथं जाऊन, तिथंच बसून पाहायचे. तो मार्ग बंद.

एक अडचण मात्र विषयाच्या मुळाशी जाणारी आहे. या सगळ्या रेकॉर्डी स्टुडिओतल्या. गाणं संपतं आणि ट्रॅक संपतो. टाळी नाही. आणि या गाण्यात टाळी हा वाद्यमेळातलाच एक भाग आहे, असं माझं दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय.

२९ जून, रविवार

आज हेच नीट मांडते.

साँडहाइमला हे गाणं टाळी न घेता संपवायचं होतं. बाई कोसळली आहे, तिला कसली टाळी? व्हायोलिनचा एक उंच, बोचणारा सूर ठेवायचा आणि तसंच पुढच्या प्रवेशात जायचं. न्यूयॉर्कला येण्याआधी फिलाडेल्फियात प्रयोग चालू होते. साँडहाइमचे गुरू ऑस्कर हॅमरस्टाइन ते बघायला आले. त्यांचं म्हणणं पडलं की याला ठसठशीत शेवट दे, मर्मनला टाळी घेऊ दे. कारण लोकांना ती द्यायचीच आहे. अडवलीस तर ती त्यांच्या हातातच राहील, आणि पुढचा प्रवेश ते ऐकणारच नाहीत.

पुढचा प्रवेश म्हणजे नाटकाचा गाभा. लुईज कोपऱ्यातून हे सगळं पाहत असते. ती पुढे येते, म्हणते की आई, तूसुद्धा खरंच काहीतरी झाली असतीस, मला ढकलणारं जसं कुणी होतं तसं तुला असतं तर. रोझ कबूल करते की हो, मी केलं ते माझ्यासाठीच. माझ्याकडे कुणीतरी बघावं म्हणून. आणि लुईज म्हणते, तू माझ्याकडे बघावंस असं मला वाटायचं, तसंच. एवढी चार वाक्यं. ती टाळीच्या धुरळ्यात गेली तर अडीच तास फुकट.

साँडहाइमनं ऐकलं. शेवट बदलला. टाळी पडली, धो धो पडली.

आता गंमत. टाळी पडते ती मर्मनला. गोष्टीत रोझसमोर कुणीच नाही, थिएटर रिकामं आहे. म्हणजे टाळी वाजते तेवढा वेळ नाटक बंद.

मराठी माणसाला हे सांगायला लागू नये. 'एकच प्याला'त (१९१९) सिंधूच्या संसाराची राखरांगोळी होत असते आणि प्रेक्षक बालगंधर्वांच्या एका जागेवर खूश होऊन 'वन्स मोअर' देतात. सिंधू थांबते, नारायणराव पुन्हा पद घेतात, सिंधू परत येते. शंभर वर्षं आपण हे इतक्या सहज केलंय की त्यात काही खटकावं हेही सुचत नाही. अमेरिकनांनी त्यावर काथ्याकूट केला, आणि त्यातूनच पुढच्या नटींना वाट मिळाली. रोझ करणाऱ्या प्रत्येकीला एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं: गाणं संपलं, टाळी वाजतेय, आता इथं उभी कोण आहे? मी की रोझ?

कार्यक्रमाचा धागा हाच. आवाज, उच्चार, पट्टी या गोष्टी मग त्याच्या आजूबाजूला येतील.

५ जुलै

मर्मन. हिच्या बाबतीत उत्तर सरळ आहे: मी. मूळची स्टेनोग्राफर, गाण्याचं शिक्षण नाही, १९३०ला गर्श्विनच्या 'गर्ल क्रेझी'त एक सूर धरून ठेवला आणि न्यूयॉर्क खिशात घातलं. मायक्रोफोन नसताना शेवटच्या रांगेत पोचणारा आवाज, प्रत्येक अक्षर स्वच्छ. ती प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहायची आणि गायची.

नंतरच्या लोकांनी हिला 'नुसता आवाज' म्हणून बाजूला सारलंय. मला ते पटत नाही. हेडफोन लावून 'मम्मा'चा तुकडा परत परत ऐकला. बाकीच्या जणी तिथं हुंदका, श्वास, फाटका आवाज काही ना काही घालतात. ही काही घालत नाही. शब्द अडतो, तेवढाच. सूर जागेवर, ताल जागेवर, आणि तरी शब्द पुढे जात नाही. सगळं व्यवस्थित चालू असताना एकच गोष्ट बिघडलेली. मला तरी ते रडण्यापेक्षा जास्त बोचलं.

त्या वर्षीचा टोनी तिला नाही मिळाला. 'द साउंड ऑफ म्युझिक'साठी मेरी मार्टिनला मिळाला. (ही माहिती मंडळात आवडणार. आपल्याकडे पुरस्कार हुकल्याच्या गोष्टी पुरस्कारापेक्षा जास्त चालतात.)

१२ जुलै

लान्सबरी. आपल्या लोकांना ती 'मर्डर, शी रोट'मधली प्रेमळ लेखिका म्हणून माहीत. लंडनमध्ये 'जिप्सी' पहिल्यांदा झालं ते १९७३ला, तिला घेऊन. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क, मग टोनी. दिग्दर्शक आता खुद्द लॉरेंट्स.

यांनी टाळीचं काय केलं ते ऐका. गाणं जोरात संपलं. टाळ्यांचा कडकडाट. लान्सबरी वाकली, नटी वाकते तशी. पुन्हा वाकली. टाळ्या हळूहळू ओसरल्या, थांबल्या. ती वाकतच राहिली. सभागृह गप्प, आणि ही हसऱ्या चेहऱ्यानं डावीकडे, उजवीकडे अभिवादन करतेय. मग प्रेक्षकांना उमगतं की आपण टाळी दिली ती हिला पोचलेलीच नाही. हिला केव्हापासून दुसऱ्याच टाळ्या ऐकू येताहेत. हॅमरस्टाइनची टाळी मिळाली आणि साँडहाइमला हवी होती ती शांतताही मिळाली. एकही शब्द न बदलता, एकही सूर न बदलता.

चौदा वर्षं लागली या युक्तीला. सुचल्यावर किती सोपी वाटते.

माझी पंचाईत अशी की रेकॉर्डवर यातलं काहीच नाही. लान्सबरीचा आवाज ऐकवता येईल: मर्मनपेक्षा बारीक, चतुर, ब्रिटिश कडा असलेला, बोलण्यातून गाण्यात नकळत सरकणारा. पण वाकणं कसं ऐकवणार? मंडळातल्या एका जुन्या नटीनं हौसेनं 'मी करून दाखवते' म्हटलं. नको. रेकॉर्ड संपल्यावर मी नुसतं सांगेन, आणि सांगून झाल्यावर जरा वेळ काही बोलणार नाही.

१९ जुलै

ताईंकडे टाइन डेली ऐकली. बाहेर धो धो पाऊस, वीज दोनदा गेली, शेवटी मोबाइलवर.

आधी कल्पना दिली होती: ही मुळात टीव्हीवरच्या पोलिसी मालिकेतली, 'कॅग्नी अँड लेसी'मधली नटी, गायिका नव्हे. आवाज खरखरीत, वरचे सूर ओढून काढलेले. १९८९ला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, रोझ केली आणि पुढच्या वर्षी टोनी घेतला. ताई पहिलं कडवं ऐकून हसल्या. मग हसणं थांबलं. संपल्यावर म्हणाल्या, "परत लाव." परत लावलं. "अगं, हिला गाता येत नाही म्हणतेस, पण रोझला तरी कुठे येत होतं?"

बरोबर आहे. रोझला गाता येत असतं तर ती पोरींना कशाला पुढे ढकलत बसली असती? मर्मनचा आवाज ऐकून 'ही स्टार का नाही झाली' हा प्रश्न पडतो, आणि नाटकाकडे त्याला उत्तर नाही. डेलीच्या बाबतीत तो प्रश्नच उद्भवत नाही. कामाला जुंपून घेतलेली, घसा बसलेली बाई, जिला वाटतं की आपल्याला जमलं असतं. जमलं नसतं, हे आपल्याला ऐकू येतं. क्रूर आहे हे.

क्रमात डेलीला लान्सबरीच्या आधी घ्यावं का? नको, सनावळी बरी.

२६ जुलै

पीटर्स. २००३, दिग्दर्शक सॅम मेंडिस. नाव जाहीर झालं तेव्हाच कुरकुर सुरू झाली होती. बाहुलीसारखी चण, कुरळे केस, कुजबुजता नाजूक आवाज. ही कसली रोझ? लोकांच्या कानात अजून मर्मनच होती. पण खरी रोझ होविक काही धिप्पाड नव्हती, लहानखुरीच होती, आणि माणसं गुंडाळायची ती गोड बोलून. पीटर्सची रोझ ओरडत नाही, लाडीगोडी लावते. हर्बी इतकी वर्षं का थांबला ते हिच्याकडे बघून कळतं, मर्मनकडे बघून कळत नाही.

आणखी एक. पीटर्स स्वतः बालकलाकार होती. तेराव्या वर्षी 'जिप्सी'च्याच दौऱ्यात होती, जूनच्या भूमिकेची राखीव नटी म्हणून. म्हणजे ढकलल्या गेलेल्या पोरींच्या बाजूनं तिनं हे नाटक आधी पाहिलं होतं. 'मम्मा' शब्दावर ती अडकते तेव्हा मला तरी वाटतं, इथं आईच्या तोंडून लेक बोलतेय. हे माझं ऐकणं. निवेदनात 'मला वाटतं' म्हणूनच ठेवायचं.

गाणं म्हणून सातातलं सगळ्यांत असमान. काही ओळी हवेत विरतात. ठेवायचंच.

३० जुलै

हॉल नक्की झाला. स्पीकर आपलेच न्यायचे, तिथले भाषणापुरते. मराठी उपशीर्षकं फक्त स्टाँटनच्या चित्रफितीला. बाकी ठिकाणी ओळींचा मथितार्थ आधी सांगायचा आणि मग बत्ती कमी करून नुसतं ऐकायचं.

३ ऑगस्ट

लुपोन. २००८, सेंट जेम्स थिएटर. लॉरेंट्स तेव्हा नव्वदीचे, आणि त्यांच्यात आणि तिच्यात त्याआधी कित्येक वर्षं अबोला होता. तो मिटला आणि हे झालं. तिला टोनी, लुईज झालेल्या लॉरा बेनँटीला टोनी, हर्बी झालेल्या बॉइड गेन्सलाही.

आवाजाच्या ताकदीत मर्मनची वारस हीच. पण मर्मन स्वच्छ, ही चिखल करते. शब्द चावते, गिळते, थुंकते. राग आहे, आणि तो पहिल्या प्रवेशापासून आहे. लॉरेंट्सनी शेवटही कडू केला. मूळ प्रयोगात मायलेकी समेट करून बरोबर बाहेर पडतात. इथं लुईज आईच्या नव्या स्वप्नाला हसते आणि निघून जाते, रोझ मागे राहते.

पण माझ्या धाग्यात लुपोन येते ती दुसऱ्याच कारणानं. १० जानेवारी २००९, शेवटच्या आधीचा प्रयोग. 'रोझेस टर्न' ऐन रंगात, आणि प्रेक्षकांतून कुणीतरी फोटो काढतंय. लुपोननं गाणं थांबवलं. ऑर्केस्ट्रा थांबवला. त्या माणसाला सगळ्यांसमोर झापलं आणि बाहेर काढायला लावलं. प्रेक्षकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. मग तिनं गाणं पुन्हा घेतलं.

ही टाळी कुणाला? रोझला नक्कीच नाही. आणि तरी, माझ्याकडे बघा म्हणून अडीच तास हट्ट धरणाऱ्या बाईच्या भूमिकेत, 'असं नाही बघायचं' म्हणून नटी भडकते, यात रोझ कुठे संपली आणि लुपोन कुठे सुरू झाली ते मला सांगता येत नाही. ताईंचं मत अगदी उलट: "रंगमंचावरून प्रेक्षकांना बोलायचं नसतं. फोटो काय, इथं पुढच्या रांगेत लोक वेफर्स खातात." यावर मंडळात जुंपणार. जुंपू दे.

९ ऑगस्ट

स्टाँटन. हिच्यावर सगळ्यांत जास्त वेळ दिला, कारण हिलाच डोळ्यांनी बघता येतं. २०१४ला चिचेस्टर, २०१५ला लंडनचं सॅव्हॉय थिएटर, दिग्दर्शक जोनाथन केंट. त्याच प्रयोगाचं चित्रीकरण बीबीसीनं दाखवलं. तरुण श्रोत्यांना 'हॅरी पॉटर'मधली गुलाबी अंब्रिज म्हटलं की चेहरा डोळ्यांसमोर येईल.

उपशीर्षकं बसवताना एकेक सेकंद पुढेमागे करत पाहिलं, त्यामुळे काही गोष्टी लख्ख दिसल्या. एक म्हणजे ती हसते. गाण्याच्या सुरुवातीला, आपण स्ट्रिपर असतो तर काय केलं असतं हे दाखवताना, ती मनापासून मजा करतेय. ठेंगणी, मध्यमवयीन बाई कंबर हलवतेय आणि तिला ते जमतंयही. म्हणून आपणही हसतो. मग 'मम्मा' येतो. तिथून पुढे तोंड गातंय आणि डोळे दुसरीकडेच काहीतरी बघताहेत, घाबरल्यासारखे. आवाज मात्र शेवटपर्यंत पोलादी. लुपोन रागानं फुटते. ही भीतीनं आवळत जाते.

पहिल्या अंकाच्या शेवटचं, 'एव्हरीथिंग्ज कमिंग अप रोझेस', तेही थोडं दाखवायचा मोह होतोय. जून पळून गेल्याची चिठ्ठी आली आहे, रेल्वे स्टेशन, आणि रोझ लुईजकडे वळून सगळं छान होणार म्हणून गाते. शब्द फक्त वाचले तर कुठल्याही समारंभात चालतील, आणि चालतातही. स्टाँटन ते गाते तेव्हा बाजूला उभ्या लुईज आणि हर्बीकडे बघावं. आनंदाच्या गाण्यात दोन माणसं हबकून उभी आहेत. वेळ मिळाला तर तीस सेकंद.

१२ ऑगस्ट

न्यू जर्सीच्या मामेबहिणीनं मार्चमध्ये मॅजेस्टिक थिएटरात ऑड्राचा प्रयोग पाहिला होता (जिथं 'फँटम ऑफ दि ऑपेरा' हे म्युझिकल १९८८पासून २०२३पर्यंत ठाण मांडून होतं, तेच). रात्री बराच वेळ बोललो.

ब्रॉडवेवर रोझ करणारी पहिली कृष्णवर्णीय नटी. दिग्दर्शक जॉर्ज सी. वुल्फ. संहितेत एक शब्द बदललेला नाही. पण बहीण म्हणते, सगळं बदलतं. रोझ दुकानदारांपुढे, मॅनेजरांपुढे आवाज चढवते तेव्हा १९२०च्या अमेरिकेत काळ्या बाईनं तसं करणं म्हणजे काय, हे आपण मनात धरूनच बघतो. जूनच्या खेळात मागे नाचणारी काळी मुलं, खेळ मोठा होत जातो तशी गोरी होतात. पोरीच्या डोक्यावर सोनेरी टोप. कुणी त्यावर भाष्य करत नाही. कुठल्या बाजारात काय खपतं ते या आईला बरोबर कळलेलं आहे.

आवाजावर न्यूयॉर्कात वाद झाले. ऑड्रा न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या कलाविद्यालयात पाश्चात्त्य शास्त्रीय गायन शिकलेली, सहा टोनी घेतलेली. वरच्या सुरांना ती छातीच्या आवाजातून डोक्याच्या आवाजात जाते, आणि सत्तर वर्षं मर्मनची तुतारी ऐकलेल्यांना ते भरजरी वाटतं, रोझचं वाटत नाही. मला विचाराल तर या गाण्यात ते कामाला येतं. दोन आवाजांमधला सांधा ती झाकत नाही. छातीचा आवाज सुटतो, वरचा अजून हाती लागलेला नाही, तेवढ्या फटीत रडू येतं. सातांमध्ये खरोखर रडणारी हीच.

टाळीचं विचारलं. बहीण म्हणाली, "टाळ्या खूप वेळ चालल्या गं, पण मला वाजवताना ओशाळल्यासारखं झालं. बाई तिथं मोडून पडलीय आणि आपण काय करतोय?" वाक्य तिच्या परवानगीनं घेतलं.

१८ ऑगस्ट

काल न्यूयॉर्कचा प्रयोग बंद झाला, ठरल्या तारखेच्या बरेच आधी. निवेदनाच्या शेवटच्या परिच्छेदात 'करते' होतं तिथं 'करायची' केलं.

ध्वनीचं काम: सात जणींच्या रेकॉर्डींचा आवाज एका पातळीवर आणायचा नाही, असं ठरवलं. मर्मन १९५९च्या ध्वनिमुद्रणात ऐकू येते तशीच यावी, ऑड्रा आजच्यासारखी. दोन रेकॉर्डींच्या मध्ये पूर्ण शांतता, संगीत नाही, खोकायला वेळ.

२४ ऑगस्ट, रविवार

काल झालं. हॉल भरला होता. पावसामुळे अर्धे उशिरा आले आणि मर्मन चुकली त्यांची.

टाळीचा हिशेब, ज्यासाठी एवढा खटाटोप. मर्मनला टाळी पडली, सवयीची. लान्सबरीचं वाकणं सांगून मी गप्प बसले, तर कुणीच वाजवली नाही. पुढच्या रांगेतले एक काका हात वर नेऊन तसेच खाली घेऊन बसले. डेलीला फक्त ताईंनी. स्टाँटनच्या चित्रफितीत सॅव्हॉयचे प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले तेव्हा आमचेही लागले, त्यांच्याबरोबर, आणि मग पडद्यावर लुईज बोलायला लागली तरी आमच्यातले तीन-चार जण वाजवतच होते. लुईजचं पहिलं वाक्य गेलं. हॅमरस्टाइननं ज्याची काळजी केली ते आमच्याकडे टाळी देऊनही झालं. ऑड्रानंतर मात्र सगळे उठून उभे राहिले, आणि एक आजी डोळे पुसत म्हणाल्या, "वन्स मोअर द्या की." दिला. रेकॉर्डच आहे, तिला कुठे दम लागतो.

लुपोनवरून अपेक्षेप्रमाणे जुंपली, चहा निवला.

पुढचा कार्यक्रम दिवाळीनंतर. कुणीतरी 'ती फुलराणी' सुचवली: भक्ती बर्वे, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी, आणि ते एक स्वगत. ताईंना शंका आहे. म्हणतात, त्या स्वगताला आपल्याकडे टाळी आधी पडते आणि वाक्य नंतर येतं. त्यात नटीला करायला जागा कुठे राहते ते आधी शोधून दाखव. रेकॉर्डिंग कुणाकुणाकडे निघतात ते या आठवड्यात विचारायचं. स्पीकर परत आणायचे राहिलेत.